विषय: जानेवारीत आई-बाबा येताहेत, कुठे नेऊ?

प्लायमथहून, 14 डिसेंबर

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा 9 जानेवारीला मालवणहून इकडे येताहेत, सहा आठवड्यांसाठी. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे आणि पावसाळ्यात घर सोडून निघणं बाबांना पटत नाही, म्हणून हीच वेळ साधली. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, "थंडीत कशाला बोलावलंस, घरात कोंडून पडतील बिचारे." आमचाही हा अमेरिकेतल्या मिनेसोटातला दुसराच हिवाळा. पहिला ऑफिस, घर आणि किराणा यातच संपला.

आई 66 वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा 71, ठणठणीत, सगळं आयुष्य खाडीकाठी गेलेलं. आईने आजवर अनुभवलेली सगळ्यात कडक थंडी म्हणजे महाबळेश्वरची. त्यांना कुठे नेता येईल? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

शोरव्ह्यूहून, 14 डिसेंबर, रात्री

अगं, तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण ही चूक मी केलेली आहे. माझे आई-बाबा असेच हिवाळ्यात आले होते. तिसऱ्याच दिवशी बाबा ड्राइव्हवेवर घसरले. आदल्या रात्री पाऊस पडून गोठला होता, वर काचेसारखा पातळ थर, दिसतसुद्धा नव्हता. मनगट मोडलं. त्यानंतर आम्ही सगळेच इतके घाबरलो की दोन महिने त्यांना बाहेर काढलंच नाही. गावी परत गेल्यावर कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "बर्फ पाहिला, खिडकीतून." ते वाक्य मला अजून लागतं.

म्हणून पहिली गोष्ट, बुटांना खालून चढवायचे काटे. रबरी पट्टा असतो, खाली धातूची टोकं. माझ्याकडे जादा जोड्या आहेत, विकत घेऊ नकोस, माझ्याकडून घेऊन जा. पावलं छोटी टाकायची, हात खिशात घालायचे नाहीत. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाड जॅकेट. आईंना साडीच नेसायची असेल तर आत थर्मल पँट आणि पोटरीपर्यंतचे बूट, चालतं. बोटांचे हातमोजे नकोत, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन्स घे.

आकडा नुसत्या तापमानाचा बघू नकोस, विंड चिल बघ, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी. 0 फॅरनहाइट आणि ताशी 15 मैलांचा वारा असेल तर अंगाला उणे 19 लागतं, आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. तसा दिवस असेल तर घरी बसा. 15-20 फॅरनहाइट आणि ऊन असेल तर अकरा ते तीनमध्ये बिनधास्त बाहेर पडा. असे दिवस जानेवारीतही मिळतात, आपणच पडदे लावून बसतो.

आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना सेंट पॉलच्या कोमो पार्कमधल्या काचघरात ने. ते 1915 सालचं आहे, प्रवेश ऐच्छिक देणगीवर. बाहेर सगळं पांढरं, आणि दार उघडून आत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास आणि कोकणातल्यासारखी दमट हवा. तिथे बाकं आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. माझ्या सासूबाई आत शिरल्या आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. पुसायला घेतला तर म्हणाल्या, "राहू दे गं, घरी आल्यासारखं वाटतंय."

आणि वबाशाला नक्की जा. ट्विन सिटीजपासून, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉलपासून, पावणेदोन तासांच्या आत, मिसिसिपीच्या काठाने. वरच्या अंगाला लेक पेपिन गोठतं, पण त्याच्या खालच्या तोंडाशी चिपेवा नदी येऊन मिळते, तिथल्या प्रवाहामुळे पाणी उघडं राहतं. उघड्या पाण्यात मासे, म्हणून बाल्ड ईगल, इथले पांढऱ्या डोक्याचे गरुड, तिथे जमतात. काठावरच्या उंच, निष्पर्ण झाडांवर बसलेले असतात. पानं नसल्यामुळे स्पष्ट दिसतात, हे सुख उन्हाळ्यात नाही. सगळ्यांचं डोकं पांढरं नसतं हे आधी सांगून ठेव. पांढरं डोकं आणि शेपूट यायला साधारण पाच वर्षं लागतात, तोवर पक्षी तपकिरीच असतो. काठावर नॅशनल ईगल सेंटर आहे. जखमी होऊन पुन्हा रानात सोडता न येणारे ईगल तिथे सांभाळतात, अगदी चार हातांवरून बघता येतात. थंडी वाजली की आत, बरं वाटलं की बाहेर. वयस्कर माणसांसाठी यापेक्षा चांगली जागा मला इथे सापडलेली नाही.

---

ब्लेनहून, 15 डिसेंबर

सगळ्यांना नमस्कार.

ताईंनी सगळं नीट लिहिलंय. मी फक्त बाबांबद्दल लिहितो. मालवणचा माणूस, आयुष्य खाडीकाठी, आणि त्याला आइस फिशिंगला न्यायचं नाही? माझ्याबरोबर पाठव.

गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, भोक पाडायचं, छोट्या तंबूत हीटर लावायचा आणि गळ सोडून बसायचं. नियम एकच, बर्फाची जाडी स्वतः मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. माणसांना चालायला किमान 4 इंच पारदर्शक, टणक बर्फ लागतो. पांढरा, भुसभुशीत असेल तर त्याच्या दुप्पट. मी दर थोड्या अंतरावर भोक पाडून मोजतो, कारण एकाच तळ्यात जाडी जागोजागी वेगळी असते. पाहुण्यांना नॉनरेसिडेंट लायसन्स लागतं, 24 तासांचंही मिळतं.

एक आधी सांगून ठेव. बर्फ आतून आवाज करतो. थंडी वाढली-कमी झाली की तो ताणला जातो, लांबवर तोफ डागल्यासारखा किंवा तार छेडल्यासारखा घुमतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. जाडी मोजलेली असेल तर भीती नाही.

---

एडनप्रेरीहून, 15 डिसेंबर

काका, आवाजाचं अगदी खरं!

मी दुलुथची भर घालतो. दोन रात्रींची सवड काढा. अडीच तासांचा रस्ता, तिथून लेक सुपिरियरच्या काठाने हायवे 61. गूजबेरी फॉल्सचं व्हिजिटर सेंटर वर्षभर उघडं असतं आणि तिथून गोठलेला धबधबा जवळ आहे. लेक सुपिरियरवर मात्र कितीही जाड दिसला तरी बर्फावर उतरू नका. वारा फिरला की बर्फाचे पट्टेच्या पट्टे काठापासून सुटून आत जातात. छोट्या तळ्यांचा हिशोब तिथे लावू नये. निघण्याआधी 511 वर रस्त्याची स्थिती बघा, गाडीत ब्लँकेट आणि फावडं ठेवा, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

जानेवारीअखेर सेंट पॉलचा विंटर कार्निव्हल असतो, बर्फाची शिल्पं बघायला तासभर पुरतो. एका न्यूयॉर्कच्या बातमीदाराने सेंट पॉल म्हणजे दुसरा सायबेरिया, माणसाने राहण्यालायक नाही असं लिहिलं, त्याला उत्तर म्हणून 1886 साली गावाने तो सुरू केला. मला ही गोष्ट फार आवडते. आणि अगदीच बोचरा दिवस असला तर मिनिआपोलिसचा स्कायवे, इमारती जोडणारे एकूण नऊ मैलांहून लांब बंद पूल, पण शनिवार-रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.

---

प्लायमथहून, 17 फेब्रुवारी

सगळ्यांना मनापासून नमस्कार,

आई-बाबा परवा निघतील. त्याआधी कळवायचं होतं.

दुलुथ राहिलं, दोन्ही वेळा हवामानाने दगा दिला. पण कोमोला तीनदा गेलो. तिसऱ्यांदा आई स्वतः म्हणाली, "चल, त्या हिरव्या घरात जाऊ." नेचाच्या दालनात बाकावर बसून तिने जॅकेट, मफलर, कानटोपी सगळं उतरवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

ब्लेनच्या काकांनी बाबांना नेलं. पहिला आवाज झाला तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच. काकांनी भोकात पट्टी घालून बर्फ दाखवला, 14 इंच, तेव्हा बसले. मग काकांनी दिलेली छोटी काठी बाजूला ठेवली आणि दोर नुसता अंगठा आणि तर्जनीत धरला, मिटन काढून, जसा ते घरी धरतात. डोळे मिटलेले. तासाभराने तोंडून एकच शब्द, "गावलो!" चार पर्च मासे मिळाले. आईने मालवणहून आणलेलं आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळले. आम्ही सहा जण होतो, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन घास. बाबा बोटं लाल झालेली सगळ्यांना दाखवत होते.

वबाशाला मात्र मी फार घाबरत गेले, उणे तीन फॅरनहाइट होतं. ईगल सेंटरमधून आई-बाबा दोघंही आलटून पालटून बाहेर पडत होते. एकदा पाण्याच्या अगदी जवळून एक ईगल खाली आला, पाय पुढे काढले, पाणी जेमतेम उडालं आणि मासा घेऊन वर गेला. बाबा म्हणाले, "आपली घारच, पण केवढी!"

ताई, तुमचे काटे धुऊन, पुसून ठेवलेत. आईने दोन्ही जोड्यांचे पट्टे दोऱ्याने बांधून त्यावर चिठ्ठी लावली आहे, कोणता डाव्या पायाचा आणि कोणता उजव्या. मार्चमध्ये आपल्या या ईमेल लिस्टवर कोणाचे आई-बाबा येणार असतील तर सांगा, नाहीतर शनिवारी तुमच्याकडे आणून देते.