सर्फ कॅम्पचा टी-शर्ट पाहुण्यांना फुकट का द्यायचा?

परळची_लाट (धागाकर्ती):
मंडळी, स्पष्टच लिहिते. मी आणि माझी मैत्रीण मुंबईहून लोकांना कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीला नेऊन सर्फिंगचे चार दिवसांचे कॅम्प करतो. माणसं कोकण रेल्वेने नेतो, शिक्षक तिथलेच. ऑक्टोबरपासून नवा हंगाम, त्याचा खर्च मांडताना आमचं दोघींचं वाजलं. ती म्हणते, प्रत्येक पाहुण्याला आपलं नाव छापलेला टी-शर्ट आणि टोपी हवीच. मी म्हणते, पाहुण्यांना काही नको. तो सगळा पैसा शिक्षकांच्या आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या पोरांच्या कपड्यांत घालू.

कारण सांगते. गेल्या हंगामात आम्ही कॉटनचे, १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचे) टी-शर्ट वाटले. पहिल्याच सकाळी निम्मे लोक तेच घालून पाण्यात शिरले. कॉटन पाणी पितं, जड होतं, बाह्या कोपराखाली लोंबतात, पॅडल मारताना, म्हणजे हातांनी पाणी मागे सारताना, हात उचलत नाही. त्यात बोर्डावर पोटावर झोपायचं, खाली घसरू नये म्हणून लावलेलं मेण आणि वाळू. दुसऱ्या दिवशी एका ताईंच्या काखेत आणि फासळ्यांवर लालभडक सोललं होतं. शिक्षकांना आम्ही निळे दिले होते, लोगोला शोभतात म्हणून. फेसाच्या पलीकडे चार डोकी दिसत होती, त्यात आपला शिक्षक कोणता हे मला किनाऱ्यावरून ओळखता येईना. ती दोन-तीन मिनिटं मी विसरलेले नाही.

छपाईवाला_धारावी:
ताई, कापडाची चूक टी-शर्टच्या माथी मारताय. पंधरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलतो. पाण्यातला कपडा वेगळा आणि संध्याकाळी चहाला बसताना घालायचा वेगळा. पाण्यात रॅश गार्डच हवा, म्हणजे घासण्यापासून आणि उन्हापासून अंग वाचवणारा शर्ट, पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडा लायक्रा (ताणला जाणारा धागा), अंगासरशी बसणारा. शिलाई फ्लॅटलॉकची, म्हणजे सपाट बसणारीच मागा. साध्या ओव्हरलॉकची शिवण आतून उभी राहते आणि तीच काखेत घासते. छपाई सबलिमेशनची करा. उष्णतेने रंग पॉलिस्टरच्या धाग्यात मुरतो, म्हणून ताणला तरी तडकत नाही. लायक्रावर साधी स्क्रीन प्रिंटची शाई मारलीत तर छातीवरचं नाव महिन्याभरात सुकलेल्या तळ्यासारखं भेगाळतं.

पण पाहुण्याचा टी-शर्ट बंद करू नका. माणूस तो घालून दादरला उतरतो, कोणीतरी विचारतं, 'हे कुठे शिकलास?' तुमच्यासारख्या छोट्या धंद्याला यापेक्षा चांगली जाहिरात दुसरी नाही.

माहीमकर_५२:
छपाईवाल्यांशी सहमत, धागाकर्तीशी अजिबात नाही. मी बावन्नाव्या वर्षी कोवलमला सर्फिंग शिकलो. चेन्नईजवळचं कोवलम, केरळातलं नव्हे. तिसऱ्या दिवशी बोर्डावर उभा राहिलो, जेमतेम पाच सेकंद. निघताना शिकवणाऱ्या पोराने टी-शर्ट हातात ठेवला आणि म्हणाला, 'सर, आता तुम्ही आमचे.' कॉलर विरली, रंग गेला, पण बायकोला त्याला हात लावू देत नाही. हिशेबात असली गोष्ट धरता येत नाही, म्हणून ती फालतू ठरत नाही.

समुद्र_एके_समुद्र:
काका, तुमची भावना कळते. पण तुम्हाला तो उभं राहिल्यावर मिळाला, रूमच्या चावीबरोबर पहिल्या दिवशी नाही. मोठाच फरक आहे हा.

आणि मापांबद्दल कोणीच बोललं नाही. मी अंगाने भरलेली आहे. एका कॅम्पवर सगळ्यांसाठी टी-शर्ट होते, बायकांच्या मापात एल संपला की पुढे काहीच नाही. मला पुरुषांचा डबल एक्सएल दिला, खांदे कोपराकडे उतरलेले. ग्रुप फोटोत सगळे सारखे आणि मी गोधडीत गुंडाळल्यासारखी. भेट द्यायचीच असेल तर नाव नोंदवतानाच माप विचारा. नाहीतर धागाकर्ती म्हणते तेच खरं, देऊच नका.

आधी_किनाऱ्यावर_होतो:
मी दोन हंगाम अशाच एका ठिकाणी कामाला होतो, नाव घेत नाही. पहिल्या पगारातून युनिफॉर्मचे पैसे कापले. दोनच टी-शर्ट दिले. सकाळचा बॅच संपला की ओलाच अंगावर, दुपारच्या बॅचला परत तोच. पाठीवर पुरळ आलं ते हंगाम संपेपर्यंत गेलं नाही. पाहुण्यांना मात्र टोपी, टी-शर्ट, पिशवी, सगळं कोरं. ताई, तुमचं बरोबर आहे. माणशी तीन रॅश गार्ड, लांब बाहीचे, आणि वर सुका टी-शर्ट वेगळा द्या. एक पैसा कापू नका. दिवसभर उन्हात तेच लोक असतात, पाहुणा दोन तासांत सावलीत जातो.

छपाईवाला_धारावी:
हे वाचून वाईट वाटलं. असे 'माणशी दोन' वाले ऑर्डर मीही घेतलेत, पुढे काय होतं ते कधी विचारलं नाही.

माहीमकर_५२:
कापलेले पैसे ही लबाडी आहे, त्यावर वाद नाही. पण मालक कद्रू निघाला म्हणून पाहुण्याची आठवण का काढून घ्यायची? क्विकसिल्व्हर आणि रिप कर्ल या सर्फिंगचे कपडे बनवणाऱ्या कंपन्या, दोन्ही १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की गावात सुरू झाल्या, लाटांवर जाणाऱ्यांनीच सुरू केल्या. सर्फिंगमध्ये कपड्यावरचं नाव म्हणजे आपली टोळी.

परळची_लाट:
काका, टोळी मान्य. पण त्या लोकांनी आधी पाण्यात टिकणारा कपडा केला, नाव मागून मोठं झालं. मला तोच क्रम हवाय.

तुमचे प्रतिसाद मैत्रिणीला वाचून दाखवले. टोपी आणि पहिल्या दिवशीचं वाटप रद्द. शिक्षकांना माणशी तीन रॅश गार्ड आणि दोन सुके टी-शर्ट, आमच्या खर्चाने. पाहुण्यांना पाण्यात घालायला रॅश गार्ड भाड्याविना, जाताना परत. कोणाला आठवण हवीच असेल तर शेवटच्या दिवशी विकत, मापं आधी विचारून. हे शेवटचं तिला अजून पटलेलं नाही, ती फुकटवरच अडून आहे.

छपाईवाले दादा, शिक्षकांना झगझगीत नारिंगी हवाय, लांबून दिसेल असा. पांढऱ्या कापडावर सबलिमेशनने निघेल का?

छपाईवाला_धारावी:
नेहमीच्या चार शायांत तो रंग मरतो, विटकरी दिसतो. त्याला फ्लोरोसंट शाई लागते. त्यापेक्षा आधीच रंगवलेलं निऑन नारिंगी कापड घ्या, त्यावर काळ्यात पाठभर 'शिक्षक' आणि छातीवर लोगो लहान. पांढरा लोगो मागू नका, सबलिमेशनमध्ये पांढरा रंग नसतो. तुकडा छापून ठेवतो, शनिवारी या. बादलीभर मिठाचं पाणीही ठेवतो, बुडवून, पिळून, ताणून बघा आणि मगच ऑर्डर द्या.