वयाच्या ४४ व्या वर्षी होलिस्टिक न्यूट्रिशन शिकायचंय, कोर्स निवडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली एकवीस वर्षं हिशेबाचं काम करतेय. आता पुन्हा शिकायचं मनावर घेतलंय, आणि विषयही ठरलाय: होलिस्टिक न्यूट्रिशन.

कारण सांगते. माझी आई वॉरफरिन घेते, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी तिच्या आहारात मी लक्ष घातलं आणि इथलं तिथलं वाचून दोन्ही वेळच्या जेवणात भरपूर पालेभाजी सुरू केली. पुढच्या तपासणीत तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.४ आला. तिच्यासाठी तो २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा. डॉक्टर रागावले नाहीत. पॅडवर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पालेभाजी बंद नाही करायची, पण रोज साधारण एवढीच, अशी सरळ रेषेत ठेवायची. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के एकदम वाढलं की गोळीचा असर कमी होतो." तो कागद अजून आमच्या फ्रीजवर आहे. इतक्या साध्या गोष्टीने आईला धोका झाला असता, हे मनातून जात नाही.

तेव्हापासून नीट शिकायचं आहे. जेवणाबरोबर झोप, ताण, औषधं, माणसाचा दिवस कसा जातो हे सगळं एकत्र बघायचं, हे मला मनापासून पटतं. पण कोर्स बघायला गेले तर काही महिन्यांच्या सर्टिफिकेटपासून पूर्ण पदवीपर्यंत सगळं याच नावाखाली दिसतं. नोकरी आणि आईचं सांभाळून मी काय निवडावं? छोट्या कोर्सनंतर लोकांना सल्ला देता येतो का? आणि रसायनशास्त्र शाळेनंतर हातात धरलेलं नाही, त्याची खरं तर सगळ्यात जास्त धास्ती आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी रुग्णालयात डाएटिशियन आहे. आधी एक ठरवा: निरोगी माणसांना चांगल्या सवयी लावायच्या आहेत की आजारी माणसांचा आहार ठरवायचा आहे? बऱ्याच देशांत 'डाएटिशियन' हे पद कायद्याने राखीव आहे, त्याला मान्यताप्राप्त शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम लागतं. 'न्यूट्रिशनिस्ट' शब्दाचं तसं नाही, अनेक ठिकाणी तो कुणीही लावू शकतं. अमेरिकेत तर २०२४ पासून डाएटिशियनच्या नोंदणी परीक्षेला बसायलाच मास्टर्स लागतं. होलिस्टिकचं सर्टिफिकेट घेऊन मधुमेह किंवा किडनीच्या रुग्णाचा आहार ठरवता येईल असं धरून चालू नका. फी भरण्याआधी तुमच्याकडच्या नोंदणी मंडळाला विचारा, कोर्स विकणाऱ्याला नाही.

अभ्यासक्रम मागवून घ्या. बायोकेमिस्ट्री, शरीरक्रियाशास्त्र, औषध आणि अन्न यांचा परस्परपरिणाम, हे तीन नसतील तर सोडून द्या. तुमच्या आईसारखी उदाहरणं रोज येतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. आणि ज्या कोर्समध्ये शेवटी सप्लिमेंट विकायला शिकवतात, तिकडे फिरकूच नका.

प्रतिसाद २

मी पन्नाशीत परत कॉलेजला गेलो. रसायनाची भीती खरी आहे, पण ती सुटते. क्रेब्स सायकल (पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारी रासायनिक क्रियांची साखळी) पाठ करायच्या मागे लागलो तेव्हा दर आठवड्याला विसरायचो. मग एका घासाचा प्रवास काढायला लागलो: पिष्टमय पदार्थ, त्यातून ग्लुकोज, ते पेशीत कसं जातं, तिथून ऊर्जा कशी निघते. तेव्हा साखळी बसली. आधी एकच विषय घ्या. पहाटेचा एक तास मला पुरला. वर्गात सगळी माझ्या मुलांच्या वयाची होती, पण प्रश्न विचारायला मला कधी लाज वाटली नाही आणि शिक्षकांनाही ते आवडायचं.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल तीन कोर्सचे अभ्यासक्रम मागवले. दोन संस्थांनी पाठवले, एकात बायोकेमिस्ट्री अजिबात नाही, तो बाद केला. दुसरा पदवीचा आहे, अर्धवेळ करता येतो आणि त्यात रुग्णालयातलं प्रत्यक्ष कामही आहे. नोंदणी मंडळाला ईमेल केलाय. उत्तर येईपर्यंत शाळेचं रसायनाचं पुस्तक उघडलंय, मोलच्या संकल्पनेपाशी अडकलेय. ती कुणी सोप्या भाषेत समजावून सांगेल का?