लगूना सेकाला ९० डेसिबलमध्ये एस२००० बसवायची कशी?

वळणवेडा

मंडळी, बे एरियात ट्रॅकवर गाडी घालणारं कोणी असेल तर सल्ला हवाय.

गाडी होंडा एस२०००, २००६ ची, म्हणजे २.२ लिटरवाली. आधीच्या मालकाने कंपनीचे मागचे दोन डबे काढून ७० मिमीचा एकेरी एक्झॉस्ट लावलाय, आणि इंजिनावर हवेचा उघडा कोन फिल्टर. दोन्हीचं मूळ सामान त्याने कधीच विकून टाकलंय. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मात्र कंपनीचाच आहे.

गेल्या महिन्यात लगूना सेका ट्रॅकवर गेलो आणि सकाळीच काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये या. तिथे आवाजाचा आकडा सांगितला: ९३.८ डेसिबल. त्या दिवशीची मर्यादा ९०. पुढच्या सेशनला आवाज मोजतात त्या बूथसमोर पाय उचलला, तर ८९ आला. पण पाचव्या वळणातून बाहेर पडून सहाव्याकडे चढताना पाय उचलायचा म्हणजे भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं हो.

एक गॅरेज म्हणतंय, टोकात बूच बसवा, स्वस्तात काम. दुसरं म्हणतंय, जे-पाइप वेल्ड करून देतो, आवाज मरेल. कोणाचं ऐकू?

कोथरूडचा

इथे पोरं बुलेटला फटाके फोडणारे सायलेन्सर लावतात, पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात. आणि तुम्ही पैसे देऊन आवाज कमी करताय! चालू द्या, वाचतोय.

कानसेन

पुण्यात नोकरीला असताना गाड्यांच्या आवाजाच्या चाचण्या करणं हेच माझं काम होतं. आता फ्रीमाँटला असतो. दोन्ही गॅरेजवाले तुमच्या प्रश्नाला नाही, भलत्याच प्रश्नाला उत्तर देतायत.

जे-पाइपचं आधी. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ३००० आरपीएमला, म्हणजे हायवेवर जे घुमतं ते, १०० हर्ट्झ. जे-पाइप म्हणजे एका बाजूने बंद नळी, तिच्या लांबीच्या चौपट ज्याची तरंगलांबी, तेवढाच सूर ती गिळते. गरम धुरात आवाज सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धावतो, तेव्हा १०० हर्ट्झसाठी सव्वा मीटर नळी लागेल. डोकं दुखायचं थांबेल, खरं आहे. पण ट्रॅकवरचा आवाजाचा मीटर माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतो. १०० हर्ट्झमधले तो जवळजवळ १९ डेसिबल आधीच वजा करतो. १००० ते ४००० हर्ट्झमधलं मात्र सगळं पूर्ण धरतो. तुम्हाला काळा झेंडा मिळाला तो घुमण्याबद्दल नाही, करवतीसारख्या खरखरीबद्दल.

बूच: दोनचार डेसिबल मिळतील, पण वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरेल. शिवाय तो एका बोल्टवर उभा असतो. मागच्याच्या काचेवर गेला तर?

आता खरी गोम. तुमचा तो उघडा फिल्टर. व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची सोय) लागल्यावर इनटेक, म्हणजे हवा आत ओढणारी बाजू, केवढ्याने ओरडतो हे तुम्ही टप खाली करून ऐकलंच असेल. ५० फुटांवरच्या मीटरला आवाज मागून आला की पुढून, काय कळणार? समजा त्या ९३.८ मध्ये एक्झॉस्टचे ९२ आणि इनटेकचे ८९ आहेत (डेसिबलमध्ये ९२ आणि ८९ ची बेरीज तेवढीच होते, करून बघा). तुम्ही पैसे ओतून एक्झॉस्ट सहा डेसिबलने खाली आणलात, ८६ केलात. बेरीज किती? ९०.८. पुन्हा पिटमध्ये. माझे ९२-८९ अंदाजाचे आहेत, पण गणित असंच चालतं. त्यामुळे पहिला खर्च कंपनीच्या जुन्या एअरबॉक्सवर (फिल्टरचा बंद डबा) करा, भंगारवाल्याकडे नक्की मिळेल.

वळणवेडा

हे कोणीच सांगितलं नव्हतं. एअरबॉक्स शोधायला घेतो. पण मग एक्झॉस्टला काहीच करायचं नाही?

कानसेन

असं कुठे म्हटलं? आधी गळती बघा. इंजिन थंड असताना सुरू करा, टोकावर जाड ओलं फडकं घट्ट दाबा आणि कोणाला तरी गाडीशेजारी वाकून फुसफूस ऐकायला लावा. फ्लॅन्जच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसला तर गॅस्केट गेलंय. एवढ्याशा फटीतूनही नेमकी खरखरच बाहेर पडते.

मग मागचा डबा. तुमचा सरळ आरपार असणार: आत भोकाभोकांची नळी, भोवती ग्लासवूल. हे वूल उष्णतेने ठिसूळ होतं आणि धुराबरोबर बाहेर उडत राहतं. बोटांनी डबा वाजवा, पोकळ लागला तर आत काही उरलेलं नाही. रिव्हेटचा असेल तर उघडून बेसाल्ट वूल भरा, ते जास्त उष्णता सोसतं. वेल्ड केलेला असेल तर कापावा लागेल. आणि मधल्या पाइपवर असाच आरपार रेझोनेटर (आवाज खाणारा आणखी एक डबा) घाला, गाडीखालच्या टनेलमध्ये मावेल तेवढा लांब. जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची. कॅटला हात लावू नका. स्मॉग टेस्टचं सोडाच, तो स्वतःही खरखर बरीच खातो.

सॅलिनासकर

मी मियाटावाला (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार), लगूनाला बरेचदा जातो. दोन गोष्टी.

टोक वळवा. बूथ ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला तोंड करणारा वाकडा तुकडा क्लॅम्पने लावता येतो. पॅडॉकमध्ये निम्म्या गाड्यांना दिसेल. घुमणारा आवाज चहूकडे पसरतो, पण खरखर टोक जिकडे तिकडेच जाते. म्हणजे वर कानसेन म्हणतायत ती. तुकडा बंपरच्या प्लास्टिकपासून लांब ठेवा, वितळतं.

दुसरं, पाय उचलू नका, गिअर टाका. एस२००० तिसऱ्यात ७५०० ला असेल तर चौथ्यात ५९०० च्या आसपास येते. व्हीटेक लागतं सहा हजाराला. बूथच्या जरा आधी चौथा टाकून पाय दाबलेलाच ठेवलात तर इंजिन शांत बाजूला राहतं, वेळही फारसा जात नाही.

आणि हो, बुकिंग करताना आयोजकाला त्या दिवशीची मर्यादा विचारा. सगळे दिवस ९० चे नसतात, काही ९२ चे असतात, मोजके १०५ चे. अगदीच जमलं नाही तर थंडरहिलचा ट्रॅक आहेच, तिथे आवाजाचा एवढा जाच नाही. (ट्रॅक १९५७ पासून आहे, हायवे ६८ च्या कडेची बरीचशी घरं नंतरची. पण तो विषय काढला की धागा भरकटेल.)

वळणवेडा

चौथ्या गिअरचं डोक्यातच आलं नाही! घरी ड्राइव्हवेमध्ये फोनच्या ॲपवर मोजून ९० च्या आत आलं की निघू का?

कानसेन

नका निघू. ड्राइव्हवेत रिकामं रेस केलेलं इंजिन आणि चढावर पूर्ण थ्रॉटलने ओढणारं इंजिन यांचा आवाज वेगळा. फोनचा माइकही मोठ्या आवाजाला मान टाकतो. फोन वापरा, पण फक्त आधी-नंतर तुलनेला: तोच फोन, तीच जागा, तेच आरपीएम. आकडा विसरा, फरक बघा. एअरबॉक्स आणि रेझोनेटर मिळून पाच डेसिबल पडले तर लगूनाचं बुकिंग करा. आणि पहिल्या सेशनला चौथाच गिअर ठेवा. बूथवाल्याने आकडा सांगितला की मग तिसऱ्याचं बघू.

कोथरूडचा

पाच डेसिबल पडले की इथे कळवा. आमच्या शेजारच्या बुलेटवाल्याला दाखवायचंय.