बाळाशी बोबडे बोलावे का?

मूळ मत :
माझी नात पावणेदोन वर्षांची आहे. ती टोपीला ‘तोपी’ म्हणते आणि घरातील मोठी माणसेही कौतुकाने ‘तोपी’च म्हणू लागली आहेत. माझ्या मते हे थांबवले पाहिजे, कारण मूल ऐकूनच शिकते. वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली कॅनडात दाखवून दिले, की इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील फरक कळतो; मात्र हे ध्वनी कानावर पडत नसल्याने वर्षाच्या आतबाहेर ती जाण बरीचशी ओसरते.

पहिला प्रतिसाद (असहमत) :
दाखला योग्य आहे, पण तो आपल्याच विरुद्ध जातो. आपल्या नातीच्या कानावर पोट, बोट, ताट हे शब्द दिवसभर पडतात. तिचा कान तयार आहे, मागे राहिली आहे ती जीभ. बर्को आणि ब्राउन या बालभाषेच्या अभ्यासकांनी १९६० साली नोंदवलेला एक मुलगा खेळण्यातल्या माशाला ‘फिस’ म्हणे, परंतु मोठ्यांनी ‘फिस’ म्हटले की ते नाकारी आणि ‘फिश’ म्हटल्यावरच होकार देई. शिवाय चिऊ, काऊ, भूभू, मम्मं हे शब्दही आपण बंद करणार का? ते बिघडलेले मराठी नव्हे, बाळांसाठीच घडलेले मराठी आहे.

दुसरा प्रतिसाद :
मी अंगणवाडीत शिकवते आणि मला दोन्ही मते अपुरी वाटतात. तीन वर्षांची मुले ‘मी करलं’ म्हणतात. घरात असे कोणीही बोलत नाही; ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून मुलाने नियम स्वतः काढलेला असतो, त्यामुळे ‘ऐकूनच शिकते’ हे पूर्ण खरे नाही. मात्र नियम काढण्यासाठी आधी भरपूर पूर्ण वाक्ये ऐकायला मिळावी लागतात, आणि जिथे तिसऱ्या वर्षापर्यंत ‘मम्मं हवं? भूभू बघ’ एवढ्यावरच बोलणे संपते तिथे ती मिळत नाहीत. मला काळजी वाटते ती या तुटपुंज्या बोलण्याची. एखाद्या ‘तोपी’ची नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर :
‘करलं’चा मुद्दा मान्य, आणि चिऊ-काऊंवर माझा आक्षेप नव्हताच. ‘फिस’चे उदाहरण मात्र मला माझ्याच बाजूचे वाटते : मोठ्यांचे बोबडे बोलणे त्या मुलालाच पटत नव्हते, तर आपण ते कोणासाठी बोलतो?