होमरच्या काव्यांतल्या बायका ‘फक्त रडतात नि विणतात’? काहीही!

सागरगोटा: परवा कुणीतरी वरचं वाक्य ठोकून दिलं नि वर त्याला टाळ्या. ‘ओडिसी’ काव्यात नवरा ओडिसिअस बेपत्ता असताना सासऱ्याचं कफन विणायच्या नावाखाली पेनेलपीनं लग्नाला टपलेल्या 108 जणांना तीन वर्षं झुलवलं. दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. चौथ्या वर्षी दासीनं फोडलं म्हणून, नाहीतर अजून झुलले असते. नवरा परतल्यावर पलंग बाहेर काढायचा हुकूम सोडून त्याचीच परीक्षा घेतली, पलंगाचा खूर जिवंत ऑलिव्हच्या खोडाचा आहे हे ठाऊक असून. ही रडूबाई?

ताणाबाणा: उसवणं म्हणजे दोरा ओढला की झालं, असं नाही हो. पैठणीसारखा बसून चालवायचा माग नव्हे तो. भिंतीला टेकवलेला उभा. ताणा, म्हणजे उभे धागे, वरच्या दांडीला, खाली झुपक्यांना मातीची वजनं. विणायचं वरून खाली, बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकायचा वरच्या बाजूला, तेही उभ्यानं, येरझाऱ्या घालत. उसवताना शेवटचा बाणा आधी, दर ओळीला ताण्याची फट बदलून. घाई केली की लोकर पिंजते, वजनं एकमेकांत अडकतात. आणि हे मशालीच्या उजेडात.

खडूस_वाचक: मागाचा तास संपला असेल तर त्याच घरातल्या 50 दासींकडे वळू. 22व्या सर्गात ओडिसिअस त्या लग्नाला टपलेल्यांना मारतो, नि दासींपैकी 12 जणींना आधी त्यांची प्रेतं उचलायला, रक्त पुसायला लावलं. बापानं तलवारीनं मारा म्हटलेलं, मुलानं, टेलेमाकसनं, जहाजाचा दोर बांधून लटकवलं. पाय झाडले, थोडाच वेळ.

सागरगोटा: फितूर होत्या. त्या काळचा न्याय.

खडूस_वाचक: फितूर? त्याच सर्गात ओडिसिअस त्या लग्नाला टपलेल्यांना सुनावतो की माझ्या दासींवर बळजबरी केलीत. मग फास कुणाच्या गळ्यात? आणि मराठीत त्यांना ‘मोलकरणी’ लिहिणं बंद करा. ओडिसिअसची दाई युरिक्लियासुद्धा 20 बैलांच्या किमतीला विकत घेतलेली.

ताणाबाणा: मोल देऊन आणली म्हणजे मोलकरीणच की!

खडूस_वाचक: विनोद तरी उसवा.

सागरगोटा: बरं बाबा, 12 जणींचं मान्य. पण होमरच्याच इलियडचा शेवट बघा, मेलेल्या ट्रॉयच्या वीर हेक्टरवर शेवटचा विलाप बायको अँड्रोमाकी, आई हेक्युबा नि भावजय हेलनचा... म्हणजे ‘रडतात’ला पुरावा मीच दिला. वाजवा टाळ्या.

ताणाबाणा: कफन पुरं झालं तेव्हा सूर्यचंद्रासारखं चकाकत होतं. तीन वर्षं उसवून विसकटलेल्या लोकरीला ती झळाळी येत नाही, नवी लागली असणार. ती पिंजली कुणी? युरिक्लियाच सांगते: लोकर पिंजणं नि दास्य सोसणं, दोन्ही आम्ही ह्या 50 जणींना शिकवलं.