प्रति: गटाचा प्रोजेक्ट आणि शेवटची तारीख

"गटातल्या सगळ्यांना ताण सारखाच असतो" हे वरचं म्हणणं काही पटलं नाही बा. ताण एकदोघांनाच असतो, बाकीचे 'हो, करतो ना' म्हणून मोकळे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव असतो, सगळे त्याला 'रावे'च म्हणतात. पोरं गटागटाने गावात राहून माहिती गोळा करतात, शेवटी अहवाल. आमच्याकडे विदर्भात हे ऐन खरिपात येतं. शेतकरी कपाशीच्या डवरणीत, दिवसा प्रश्नावली भरायला त्याला वेळ कुठला? संध्याकाळी भेटला तर लाइन गेलेली. मध्येच पोळा, निम्मे आपापल्या गावी. मग आदल्या रात्री एकच लॅपटॉप आणि प्रत्येकाने वेगळ्या फॉन्टमध्ये पाठवलेला मजकूर. जुन्या फॉन्टमधलं उघडलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. ते परत टाइप कोण करणार? ज्याचा लॅपटॉप तो!

गंमत म्हणजे गटात प्रत्येकाचा हातभार कमी होतो, यावरचं जुनं संशोधन शेतीच्याच माणसाचं आहे. मॅक्स रिंगेलमान हा फ्रेंच कृषी अभियंता. दोर ओढायला माणसं वाढवली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे त्याने १९१३ मध्ये मांडलं. आठ जणांत तर तो जवळपास निम्म्यावर आला. म्हणून जमलं तर गट तीन-चार जणांचाच ठेवा.

आणि वाटणी पहिल्याच दिवशी नावानिशी व्हॉट्सॲपवर टाका, तारीख पोळ्याच्या आधीची. मार्गदर्शक सरांनाही त्याच ग्रुपवर घ्या. 'करतो ना'वाले तेवढ्याने बरेच हलतात.