ल्युटिनच्या गोळ्यांआधी दोन तपासण्या

काकांना ल्युटिनच्या (हिरव्या भाज्यांतलं पिवळसर रंगद्रव्य) गोळ्या सुरू कराव्यात का आणि त्यांच्या विसरभोळेपणाचं काय करावं, असा प्रश्न आलाय. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याचा मधला, स्पष्ट दिसण्याचा भाग) झीज आहे का आणि कितपत, ते कळू द्या. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या एरेड्स-२ चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यातल्या मिश्रणात ल्युटिन १० मिलिग्रॅम आणि त्याच्याच जातीचं झिॲझँथिन २ मिलिग्रॅम होतं. झीज मधल्या टप्प्यावर असेल तर अशा गोळ्यांनी ती पुढे सरकण्याचा धोका कमी होतो. धडधाकट डोळ्यांनी त्या घेण्यात अर्थ नाही. आणि काका विडी-सिगारेट ओढत असतील तर बीटा-कॅरोटिनवाली गोळी नकोच, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पालक, मेथी, अंड्याचा बलक यांत ल्युटिन असतंच. फक्त भाजीला फोडणी द्या, तेलातुपाशिवाय ते नीट शोषलं जात नाही. (तेल बंद केलेल्यांनी रागावू नये.)

विसरभोळेपणाचं म्हणाल तर काका शाकाहारी असतील, त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर भिजवलेल्या बदामांच्या आधी बी-१२ जीवनसत्त्व तपासा; ते कमी पडलं तरी विसरायला होतं. कमतरता वेळेत सापडली तर भरून काढता येते. रक्तदाब आणि कानांची तपासणीही त्याच फेरीत उरकून घ्या.